डिटेल तीन, शीट सात

सातारा,
२८ नोव्हेंबर १९९७

प्रिय महेंद्र,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वस्तीच्या समाजमंदिराचे नकाशे आज एसटीच्या पार्सलने भाऊसो ठेकेदारांच्या सांगलीच्या पत्त्यावर टाकले. आठ शीट आहेत, मोजून घे. डिप्लोमाला असताना एका टी-स्क्वेअरसाठी भांडणारे आपण दोघं, आणि आता मी काढलेल्या नकाशावर तू सुपरवायझर. तेही तुझ्याच वस्तीत. नशीब म्हणतात ते हेच.

आमच्या ऑफिसात आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं, हे तुला जळवायला सांगतो. आठवतं ना, इमारत मधोमध कापल्यासारखा सेक्शन काढायचा, आणि जिथं सळई कशी टाकायची ते मोठं करून दाखवायचं असेल तिथं एक वर्तुळ करून आत लिहायचं, डिटेल अमुक, शीट तमुक. आकडा चुकला की साइटवर बोंब. आता हातानं लिहायचं कामच नाही. साहेबांनी पुण्याहून एक छोटा प्रोग्रॅम करून आणलाय. डिटेलची फाइल सेक्शनला एकदा जोडली की वर्तुळात आकडा आपोआप उमटतो. डिटेल बदललं की सेक्शनमध्येही बदलतं.

तुमच्या लोकांनी पोर्चसमोरचे दोन खांब नकोत म्हणून अर्ज दिला होता. जयंतीला अंगणात बसणाऱ्यांना स्टेज दिसत नाही, हे कारण वाचून साहेब हसले, पण खांब काढले. मागच्या वर्षीच्या एका शाळेची फाइल घेतली, खांब पुसले, नाव बदललं. दोन दिवसांत इमारत तयार. पूर्वी याला पंधरा दिवस लागले असते.

वाईला ये एकदा. आई तुझी आठवण काढते.

तुझा,
सुमंत


पलूस,
७ डिसेंबर १९९७

प्रिय सुमंत,
सप्रेम जयभीम.

नकाशे मिळाले. छपाई लग्नपत्रिकेसारखी झाली आहे, कबूल. स्टेज दिसायचं कारण साहेबांना हसण्यासारखं वाटलं असेल, पण आमच्या बायका दरवर्षी खांबाआड बसून नुसता लाउडस्पीकर ऐकतात. असो.

एक शंका आहे आणि ती गंभीर आहे. सळई बांधायला माझे चुलते धोंडिरामतात्या आहेत. पंचवीस वर्षं लोखंडात गेली त्यांची. शाळा दुसरीपर्यंत, पण आकडे आणि नकाशा वाचतात. सळई कापण्याआधी ते ती खडूनं जमिनीवर काढून बघतात. सेक्शनवर पोर्चपाशी वर्तुळ आहे, डिटेल तीन, शीट सात. त्या डिटेलमध्ये मुख्य सळई स्लॅबच्या खालच्या अंगाला दाखवली आहे. तात्या खडूच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "म्होरं खांब असतं तर सळई पोटात चालली असती. खांब न्हाईत, स्लॅब भितीतनं नुसता लोंबतोय. तवा सळई पाठीवर पायजे."

मलाही ते पटतं. दुसऱ्या वर्षाला आपण हेच शिकलो. पण भाऊसो ऐकत नाहीत. नकाशा सोडून एक सळई इकडची तिकडं करायची तर साताऱ्याचं लेखी आणा म्हणतात. तेव्हा फाइल उघडून बघ आणि मला लिहून कळव. वीस तारखेला काँक्रीट आहे.

तुझा,
महेंद्र


सातारा,
१२ डिसेंबर १९९७

प्रिय महेंद्र,

तुझं पत्र मिळालं. फाइल बघितली. पोर्चला डिटेल तीन, शीट सात हेच बरोबर आहे. जोडणी पक्की आहे, नकाशात आहे तसंच करा. कॉम्प्युटरनं जोडलेलं असं उगाच हलत नाही.

तात्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, खडूचा जमाना गेला. आमच्या वाईच्या घाटावरही अजून काही जण हातानं पत्रिका मांडतात, त्यांनाही कॉम्प्युटरची कुंडली खोटीच वाटते.

घाईत आहे. सविस्तर पुन्हा लिहितो.

तुझा,
सुमंत


सांगली,
१४ जानेवारी १९९८

सुमंत,

परवा सोमवारी सकाळी पोर्चचे टेकू काढले. शेवटचा टेकू निघाला, माणसं बाजूला झाली, दहा मिनिटं सगळं जागच्या जागी होतं. मुकादमानं नारळ आणायला माणूस पाठवला. बनुबाई, आमच्याच वस्तीतली, स्लॅबवर पाणी मारायचं काम तिचं, ती पोर्चच्या सावलीला भाकरी सोडून बसली. आणि पोर्च भिंतीपाशी मोडून खाली आला.

उजवा पाय गुडघ्याच्या वर काढावा लागला. मी इथं दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. तिला अजून पाय आहे असंच वाटतं, खाज सुटली म्हणते.

साइटवरचे सगळे नकाशे भाऊसो घेऊन गेले, चौकशीला लागतील म्हणून. आणि कालपासून जो तो तात्यांकडं बोट दाखवतोय. सळई उलटी बांधली, म्हातारा डोळ्यानं अधू झालाय, दारू पिऊन काम करतो. तात्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. आज पोलीस त्यांना दोन तास बसवून गेले.

तुमच्या ऑफिसला एसटीडीवरून तीनदा फोन लावला. साहेबांनी उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवला. तू फाइल बघ आणि जे असेल ते लिही. मला दुसरं काही नको.

महेंद्र


सातारा,
२१ जानेवारी १९९८

प्रिय महेंद्र,

बातमी ऐकून फार वाईट वाटलं. बनुबाईंची तब्येत कशी आहे ते कळव.

फाइल आत्ता माझ्यासमोर उघडी आहे. पोर्चच्या वर्तुळात डिटेल सहा, शीट सात आहे. डिटेल सहामध्ये सळई वरच्या अंगालाच आहे. चौकशी अधिकाऱ्यांना आम्ही याच प्रती दिल्या आहेत, तारखेसह. तेव्हा नकाशात चूक नाही. साइटवर गडबडीत शेजारचं डिटेल बघितलं गेलं असेल. अशा गोष्टी होतात, त्यात कुणाचा हेतू वाईट असतो असं नाही.

तात्यांचं वय झालंय. तू त्यांना सांभाळ आणि स्वतःलाही सांभाळ. कनिष्ठ अभियंत्याच्या निवड यादीत तुझं नाव आलंय असं कानावर आलं. अभिनंदन करायची ही वेळ नाही, तरी करतो.

तुझा,
सुमंत


पलूस,
२७ जानेवारी १९९८

सुमंत,

तुझं पत्र वाचून क्षणभर मला माझीच शंका आली. वाटलं, खरंच शेजारचं डिटेल बघितलं असेल. मग पेटी उघडली. बारा डिसेंबरच्या पत्रात तू काय लिहिलंस ते तुलाच वाचून दाखवतो. "पोर्चला डिटेल तीन, शीट सात हेच बरोबर आहे. जोडणी पक्की आहे, नकाशात आहे तसंच करा." खाली तुझी सही. सहाचा त्यात पत्ता नाही.

तिनाचे सहा कधी झाले? बनुबाईचा पाय पडण्याआधी की नंतर?

तू मला सांभाळायला सांगतोस. चोर तो चोर वर शिरजोर. ज्या माणसानं खडूनं रेघ मारून तुमची चूक दाखवली, त्यालाच तू म्हातारा झाला म्हणतोस. चार वर्षं एका खोलीत राहिलो आपण. तुझ्या आईच्या हातचं जेवलो, तेव्हा तिनं ताट वेगळं मांडलं नाही याचा मला किती अभिमान वाटायचा, ते आठवून आज स्वतःचीच शरम वाटते. तात्या घराबाहेर पडत नाहीत. वस्तीतली माणसं, ज्यांच्यासाठी खांब काढले ती माणसं, त्यांच्याशी बोलत नाहीत.

खरं लिही. नाही तर मी ते पत्र घेऊन चौकशीला जातो.

महेंद्र


सातारा,
४ फेब्रुवारी १९९८

महेंद्र,

खरं पाहिजे ना, मग ऐक.

तेरा तारखेला सकाळी बातमी आली. साहेबांनी दार लावून घेतलं आणि मला फाइल उघडायला लावली. शाळेच्या इमारतीत पोर्चला खांब होते, म्हणून तिथं डिटेल तीन जोडलेलं होतं. तुमच्यासाठी मी खांब पुसले, पण जोडणी तशीच राहिली. खांब डोळ्याला दिसतात, जोडणी दिसत नाही. ती बदलायला दोन मिनिटं लागली. मग जुनी तारीख टाकून नव्या प्रती काढल्या. मीच काढल्या. साइटवरच्या प्रती भाऊसोंनी साहेबांच्या हातात दिल्या, त्यांचं पुढं काय झालं मी विचारलं नाही.

आणि डिसेंबरात मी फाइल उघडलीच नव्हती. तुझं पत्र आलं तेव्हा साहेबांच्या मुलीच्या साखरपुड्याची पत्रिका कॉम्प्युटरवर करत बसलो होतो. चार ओळी खरडल्या आणि टपालात टाकल्या. याची मला लाज वाटते, ती किती ते तुला सांगून काय उपयोग.

पण आता माझंही एक ऐक. तात्यांसाठी एवढा जीव तुटतो, तर पोर्च पडून तीन आठवडे झाले तरी ते पत्र तुझ्या पेटीतच का आहे? मला धमकी द्यायला तुला टपाल खर्च परवडतो, आणि चौकशी अधिकारी तर सांगलीतच बसतात. कारण तुलाही ठाऊक आहे. पत्र बाहेर आलं की पहिला प्रश्न तुलाच विचारतील. शंका होती, शिकलेला होतास, तुझ्या चुलत्यानं तोंडावर सांगितलं होतं, मग काम थांबवलं का नाहीस? त्या प्रश्नानंतर निवड यादीत नाव राहील का?

आपण दोघं एकाच माळेचे मणी आहोत, महेंद्र. ते पत्र जाळून टाक असं मी म्हणत नाही. तूच ठरव.

सुमंत


पलूस,
१५ फेब्रुवारी १९९८

सुमंत,

ठरवायचं काही उरलं नाही. बुधवारी तात्यांनी जबाब दिला. सळई मीच उलटी बांधली, नकाशा बरोबर होता, सुपरवायझरनं सांगूनही मी ऐकलं नाही. असं लिहून दिलं आणि सही केली. मला विचारलं नाही. आदल्या दिवशी आम्रपालीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, एवढंच म्हणाले की माझं वय झालं, पोराची नोकरी लागू दे, घरात एक तरी सायब होऊ दे.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. तुझं पत्र शर्टाच्या खिशात होतं. डिसेंबरात मी तात्यांना एवढंच सांगितलं होतं की साताऱ्याहून निरोप आलाय, नकाशाप्रमाणं करायचं. कागद आलाय हे सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगायची गरज वाटली नाही, आणि नंतर सांगायचं धाडस झालं नाही. आत जबाब वाचून दाखवत होते तो शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. मी उठलो नाही.

तू सुटलास. मीही सुटलो. पुन्हा लिहू नकोस.

महेंद्र


पलूस,
९ मार्च १९९८

सुमंतराव यांना,
जयभीम.

मी धोंडिराम, महेंद्रचा चुलता. माजी लेक आम्रपाली बालवाडीवर शिकिवती, ती ह्ये लिवतीया. म्या सांगतो तसंच लिव म्हनून सांगितलंय.

तुमच्या वाईच्या अंगाला जांभूळवस्ती हाय. तितं भाऊसोनं तुमच्याच नकाशावर आमच्यासारकंच समाजमंदिर घेतलंय. तितला सळई बांदनारा फिटर कोंडीबा माज्या वळखीचा. त्यो बाजारात भेटला तवा कळलं का पोर्च भरून झालाय आन् म्होरं खांब न्हाईत. मी एस्टीनं गेलो. मागल्या स्लॅबचं काम राहिलंय, तितं भितीपाशी पोर्चच्या सळयांची टोकं उगडी हायती. ती बघितली. समदी पोटात हायती, पाठीवर एक न्हाई.

सरपंचाला म्हनलं, टेकू काडू नगा. त्यानं माजं नाव इचारलं. म्या खरं नाव सांगितलं. तर म्हनला, "आवं, ज्येचा सज्जा पडला त्येनं आमाला शिकवायचं व्हय?" माज्या जबाबाची गोष्ट तितवर पोचली हाय. कोंडीबा बी खाली बगाय लागला. त्येंचं काय चुकलं न्हाई. मीच लिवून दिलंय का मला सळई बांदता येत न्हाई.

वीस तारखेला टेकू काडनार. त्या पोर्चखाली बालवाडीची पोरं बसनार हायत. मला कुनी कामाला बोलवत न्हाई त्येचं काय न्हाई, पर ह्ये थांबलं पायजे. तुमी नकाशाचं मानूस. दोन वळी लिवून द्या का टेकू ठेवा. माजं नाव घालू नगा. महेंद्रचं बी घालू नगा, त्येची नोकरी व्हायची हाय.

धोंडिराम

(वडिलांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. माझं म्हणून मी काही लिहीत नाही. – आम्रपाली)


सातारा,
१३ मार्च १९९८

महेंद्र,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहितोय. तात्यांचं पत्र सोबत जोडलं आहे. ते तुला न सांगता त्यांनी मला धाडलं असावं.

पत्र साहेबांना दाखवलं. जांभूळवस्तीला दुरुस्तीचं शीट पाठवू म्हणालो. ते म्हणाले, पाठवलं तर आधीचं कबूल केल्यासारखं होईल. कॉम्प्युटरमध्ये आता सगळं बरोबर आहे ना, मग झालं. खरंच सगळं बरोबर आहे. एका ठिकाणी जोडणी सुधारली की सगळ्या फाइलींत सुधारते. छापून गेलेले कागद तेवढे सुधारत नाहीत.

निनावी पत्र टाकायचा विचार केला. कोण वाचणार? नाव घालून लिहायचा विचार केला आणि हात चालला नाही. एक तारखेपासून मला पुण्यात नवी नोकरी आहे, साहेबांच्याच शिफारशीनं. आईचं ऑपरेशन आहे. कारणं सांगायला बसलो तर ताव पुरायचा नाही, आणि त्यातलं एकही त्या पोरांना सांगता येण्यासारखं नाही, हे मला कळतं.

तुझ्याकडे माझं पत्र आहे. सही माझी आहे. उद्या मला बोलावलं तर ती माझी नाही असं मी म्हणणार नाही. माझ्याकडून एवढंच होईल. मी भित्रा आहे, महेंद्र, आणि हे मला छत्तीस पानांच्या पत्रातही झाकता येणार नाही.

वीस तारीख लक्षात ठेव.

सुमंत


पलूस,
२३ मार्च १९९८

सुमंत,

टेकू जागेवर आहेत. आधी तेवढं सांगतो, म्हणजे तुला जेवण जाईल.

अठराला तात्यांना घेऊन जांभूळवस्तीला गेलो. कुठं चाललोय ते सांगितलं, खिशात काय आहे ते सांगितलं नाही. जाताना बांधकाम खात्याच्या इंजिनिअरांनाही वाईहून उचललं. ते यायला तयार नव्हते. मी म्हणालो, माझी चूक लिहून द्यायला आलोय, तेव्हा निघाले.

सरपंचाच्या ओट्यावर दहापंधरा माणसं जमली. तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. खडूचा जमाना गेला, तेही वाचलं. मग सांगितलं की चूक याच माणसानं काँक्रीटच्या आधी दाखवली होती, मला ती पटली होती, आणि तरी मी त्यांना गप्प बसवून सळई खाली बांधायला लावली. त्यांचा जबाब खोटा आहे आणि तो खोटा आहे हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. इंजिनिअरांनी छिन्नी मागवली. भिंतीजवळ स्लॅबची पाठ चार बोटं फोडली. आत एक सळई नव्हती. आता पुढं दोन खांब उभे करणार आहेत.

सांगलीला चौकशी अधिकाऱ्यांपुढं माझा जबाब झाला. तुझं पत्र त्यांनी ठेवून घेतलं, पोच दिली आहे. तुझ्या साहेबांना आणि तुला बोलावणं येईल, पुण्याला गेलास तरी येईल. भाऊसोंनी मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. निवड यादीचं काय होईल ते मी विचारायलाही गेलो नाही. तुझ्यावर माझा राग आहे आणि तो जाणार नाही, पण त्यात आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही.

पत्र वाचून झाल्यावर सरपंचानं तात्यांसाठी खुर्ची आणवली. तात्या बसले नाहीत. मला वाटलं, आता तरी ते माझ्याकडं बघतील, पाठीवर हात ठेवतील. मनातल्या मनात मी त्याचीच वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू. त्यांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं, उजेडाकडं धरलं आणि पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख बघितली. आकडे त्यांना वाचता येतात.

"ही चिट्टी तुज्याकडं डिसेंबरापासनं हाय व्हय रं?"

मी हो म्हणालो. त्यांनी पाकीट परत माझ्या हातात दिलं.

येताना एसटीत ते पुढच्या बाकावर जाऊन बसले. शेजारच्या जागेवर त्यांची पिशवी होती. वाईपासून कराडपर्यंत मी उभा राहून आलो. गाडी निम्मी रिकामी होती, कुठंही बसता आलं असतं, पण मी त्यांच्याजवळच उभा होतो. त्यांनी पिशवी उचलली नाही.

महेंद्र